यमाईबाईचे आठ शेअर

रविवार, १३ जानेवारी १९४६

माझं नाव चाललं नाही म्हणे. का नाही चालत? घरोघर फिरून पैसे गोळा केले मी. कुणाचे अंड्यांचे, कुणाचे तुपाचे, कुणाचे भांगलणीच्या मजुरीचे. माझ्यासकट अकराजणींचे दोनशे रुपये फडक्यात बांधून पंधरा दिवस उशाखाली घेऊन झोपले ती मी. मान आखडली. सांगलीच्या रेडिओ कंपनीचा अर्ज आला तो भरायलाही मीच, कारण अकराजणींत तिसरी यत्ता झालेली मी एकटी. आणि 'शेअर घेणाराचे नाव' या ओळीवर टाक टेकवला तर हरणाबाई म्हणते, "थांब मनू. तुझं नगं."

म्हटलं, का? मी खाणार आहे का?

"खायाची न्हाईस. पन इचारायची बी न्हाईस."

झालं. चार वर्षांमागचं पातेलं निघालं. गौरीच्या वर्गणीतून मी कराडच्या बाजारात तांब्याचं मोठं पातेलं घेतलं होतं. निम्म्या किमतीत मिळत होतं, घेतलं. गावाला येऊन विचारत बसले असते तर दुसऱ्यानं उचललं असतं. आज गावातल्या दर लग्नात भात त्याच पातेल्यात शिजतो. पण ध्यानात काय राहिलं, तर मनूनं इचारलं न्हाई.

मग म्हटलं, घाला दुसरीचं. हरणाबाईचं नाव साळूबाईला नको, साळूबाईचं तिच्या जावेला नको. दिवस मावळला. शेवटी कुणीतरी म्हणालं, यमाईचं घाला. ती कुणाचं खात नाही न् तिला भावकी नाही. गंगाधर गुरवानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना फूल चिकटवलं, उजवं पडलं. सगळ्यांनी हात जोडले. मी सोडून.

रागानं लिहिलं, यमाईबाई. पतीचे नाव विचारलं होतं, तिथं महादेव. वय, सज्ञान. धंदा, गावाची राखण. उद्या नानासो अर्ज घेऊन सांगलीला जाणार आहे. जाऊ दे.

मंगळवार, १५ जानेवारी

पहाटे जात्यावर बसले तर उजवा खांदा वर जाईना. डाव्या हातानं ओढलं. पायली दळायला दिवस उजाडला.

कशासाठी हे सगळं चाललंय ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच वाटेल की मनूला पैशाची हाव सुटली. इस्लामपुरात सयाजी मिस्त्रीकडं जुनं तेलावरचं इंजिन आहे, पिठाच्या गिरणीसकट. सहाशे रुपये सांगतो. गिरणी गावात आली तर अकरा घरांचीच नाही, गावातली सगळी जाती उभी करून ठेवता येतील. पण आमच्याकडं दोनशे. सहाशे कुठनं आणायचे?

तेव्हा नानासो म्हणाला. नानासो माझा धाकटा दीर. लढाईत बर्म्यात बिनतारी खात्यात होता, कानाला डबा लावून बसायचा. "वैनी, दोनशाचं सहाशे व्हायला जागा एकच. वायरलेस. उद्या परत्येक चावडीत एक डबा बोलनार. सांगलीत कंपनी निघालीया, पंचवीस रुपयाला एक शेअर. आज घ्याल तर मालक, उद्या घ्याल तर गिऱ्हाईक."

म्हणून आठ शेअर.

ह्यांना सांगितलं तर पाटावरून उठता उठता म्हणाले, "जातं कुनाला चुकलंय?"

तुम्हाला चुकलंय की.

शनिवार, २ फेब्रुवारी

कागद आला. पोस्टमन गावभर विचारत फिरला, "यमाईबाई महादेव कुठं ऱ्हात्यात?" पोरं त्याला देवळापर्यंत घेऊन गेली. रजिस्टर होतं, सही पाहिजे. गंगाधर गुरवानं सही ठोकली आणि कागद देवीच्या पाटाखाली ठेवून गाभाऱ्याला कुलूप घातलं.

मी मागायला गेले. म्हणाला, "देवीच्या नावचा कागद, देवीजवळच ऱ्हाऊ द्या की. तिथं उंदीर बी जात न्हाई."

मला हे आवडलं नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

भाव अठ्ठावीस. नानासोनं सांगितलं. आठ त्रिक चोवीस. चोवीस रुपये नुसते बसून!

शनिवार, ९ मार्च

आज डबा बोलला.

नानासोनं कंपनीचा एक रेडिओ दोन दिवसांच्या बोलीनं मागून आणला. चावडीसमोर टेबल मांडलं, त्यावर हातमागाचं पांघरूण. तार दीपमाळेला बांधली. खाली मोटारीला असते तशी बॅटरी. सगळं गाव जमलं. नानासो लष्करी टोपी घालून आला होता, काय गरज होती कोण जाणे. कळ फिरवली, नुसती खरखर. म्हातारा बिराप्पा धनगर म्हणाला, "ह्यात पाल शिरलीया."

मग एकदम माणूस बोलला. स्वच्छ मराठीत. मुंबईहून. गुळाचा भाव सांगितला, हळदीचा सांगितला.

मग बिराप्पा हळूच म्हणाला, "अडत्यानं मला सोमवारी दोन रुपये कमी सांगितला व्हता की रं."

एवढंच. पण त्यानंतर सगळ्या बाप्यांचे चेहरे फिरले. दिवेलागणीच्या आत आठजणांनी नानासोला विचारलं, शेअर अजून मिळतील का. मिळतील, पण पंचवीसला नाही. आता पस्तीस.

हरणाबाई माझ्या शेजारी उभी होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरं झालं घेतलं." तिच्या तोंडून एवढं म्हणजे सोनंच.

गुरुवार, ११ एप्रिल

एक्केचाळीस. नानासोनं स्वतःचे पाच विकले आणि सायकल घेतली. अंगणात घंटी वाजवत फिरतोय. म्हटलं, आमचेही वीक की. तर हसून म्हणतो, "तुमचं कसं इकू? मालकीन सई देईल तवा." अजून दोन फेऱ्या मारल्या.

एक्केचाळीसनं गिरणी होत नाही. थांबलेलं बरं. पण त्याचं हसणं डोक्यात राहिलं.

रविवार, ५ मे

अठ्ठावन्न! सयाजी मिस्त्रीला निरोप धाडला, साडेचारशेत देतोस का. निरोप आला, पाचशे ऐंशीच्या खाली नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक वाटेवर आहे. उद्या सांगलीला जाते. कंपनीत समोरासमोर विचारून बघते.

सोमवार, ६ मे

सर्व्हिस मोटार वाटेत दोनदा बंद पडली. सांगलीत उतरले तेव्हा ऊन डोक्यावर. कंपनी म्हणजे गणपतीच्या देवळापासून पुढं एक लांब पत्र्याची शेड, आणि तिच्या तोंडाला कचेरी. तिथं चिटणीस बसतात, त्यांना सगळे तात्यासाहेब म्हणतात. शेजारी एक मुलगी छापायच्या यंत्रावर बोटं आपटत होती.

म्हटलं, आठ शेअर विकायचेत. तात्यासाहेबांनी मोठी वही उघडली. "यमाईबाई महादेव. तुम्हीच का?"

नाही.

"मग त्यांना यायला हवं. नाहीतर त्यांची सही आणा."

त्या कुठं येत-जात नाहीत.

"आजारी आहेत?"

नाही.

"वय झालंय?"

म्हटलं, लय.

"मग आम्ही माणूस पाठवतो घरी. अंगठा घेईल. अंगठा चालतो."

अंगठा नाही त्यांना.

तात्यासाहेबांनी चुकचुक केली. "अरेरे. अपघात?"

तोवर त्या मुलीचं यंत्र थांबलं होतं. विनोदिनी तिचं नाव. ती म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणताय त्या… देवी तर नव्हेत?"

म्हटलं, मग दुसरं कोण? शेंदराचा तांदळा आहे आमचा. हात नाहीत, पाय नाहीत, अंगठा कुठनं काढू?

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत वही वाचली. "धंदा, गावाची राखण. मला वाटलं जागल्याच्या घरच्या असतील."

विनोदिनी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. हसून परत आल्यावर पाणी दिलं मला. मुलगी चांगली आहे. तात्यासाहेब मात्र म्हणाले, शेअरवाला मेला तर वारसानं यावं, वेडा झाला तर पालकानं यावं, देवाचं काय करायचं हे पुस्तकात नाही. वकील गाठा.

येताना मोटारीत जागा मिळाली नाही. उभ्यानं आले. सगळा राग पायात उतरला.

शुक्रवार, १७ मे

हरणाबाईला घेऊन इस्लामपूरला गेले. वकील तरुण आहे, पण फी म्हाताऱ्याची घेतो. म्हणाला, "देव हा कायद्याच्या नजरेनं कायमचा अज्ञान. लहान मुलासारखा. त्याचा व्यवहार पालकानं बघायचा."

हरणाबाई उभी राहिली. "आमची यमाई अज्ञान? आवं, पटकी आली तवा गाव सोडून समदी पळाली, ती एकटी वेशीवर बसून हुती. तवा तुमचा कायदा कुठं हुता?"

वकिलानं तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

मी विचारलं, पालक कोण?

"जो पूजाअर्चा, वहिवाट बघतो तो."

म्हणजे गंगाधर गुरव. पाटाखाली कागद ठेवून बसलेला. मला फेब्रुवारीतच आवडलं नव्हतं ते. मी लिहून ठेवलंय.

शनिवार, १८ मे

गुरवाचं म्हणणं असं: "देवीचं ते देवळाचं. देवळाचं ते वहिवाटदाराचं. तरी मी समदं मागत न्हाई. चार मला, चार तुमाला."

म्हटलं, तू एक अंडं तरी विकलंस का?

"सई कुनाची लागती?"

त्याच्या तोंडावर काही बोलले नाही. घरी येऊन खूप बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं. "निम्मं तर निम्मं, घेऊन टाक," म्हणाले. निम्म्यात इंजिन येईल, गिरणीचं जातं येणार नाही. मग इंजिन काय शोभेला लावू?

गुरुवार, ३० मे

भाव सदुसष्ट. आम्ही आहोत तिथंच. दर रुपयानं गुरवाचा आवाज मोठा होतोय.

रविवार, २ जून

युक्ती साळूबाईनं काढली. जी कधी तोंड उघडत नाही तिनं!

मंगळवार-शुक्रवार देवीला नैवेद्य जातो. अकरा घरांतून अकरा ताटं. पोळी, भाजी, भात, वर लिंबाची फोड. देवी वास घेते, जेवतं गुरवाचं घर. साळूबाई म्हणाली, "आपन नैवेद दावायचा. पायरीवरनं. आन ताट घरला आनायचं. देवीला वास पोचतोच की."

हरणाबाईनं आधी गालात मारून घेतलं, देवीची माफी मागितली. मग म्हणाली, "कवापासनं?"

मंगळवार, ४ जून

अकरा ताटं गेली, अकरा परत आली. घरी सगळ्यांनी खाल्ली. आकारामला, माझ्या थोरल्याला, गंमत कळेना. "आज देवीला भूक न्हाई का?" म्हणाला.

शुक्रवार, ७ जून

परत तसंच. आज सतरा ताटं आली, आमच्या अकरांबरोबर आणखी सहा बायकांची. गुरव दारात उभा होता. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. मला जरा वाईट वाटलं. जरासंच.

शुक्रवार, १४ जून

गुरवाची बायको सकाळी माझ्या दारात. "मनुबाई, धा दिवस झालं, पोरं भाकरी-चटनी खात्यात. तुमी आन त्यो काय ते मिटवा."

तिच्यासमोर बसले. तिला विचारलं, तुझ्या घरात दळण कोण दळतं? तिनं उजव्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "माजा बी खांदा गेलाय."

हे मी आधी का विचारलं नाही? ती बारावी होती. आम्हीच तिला घेतलं नाही.

ठरलं ते असं. गुरवाला शेअर एकही नाही. गिरणी आली की त्याच्या घरचं दळण फुकट, आणि समईला वर्षाचं तेल आम्ही देणार. ती म्हणाली, सही त्याच्याकडनं मी घेते. कशी घेणार हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आज नैवेद्य देवळात राहिला.

रविवार, ३० जून

वकिलानं कागद करून दिला. पैसे बायकांचे, देवीचं नुसतं नाव, म्हणून वहिवाटदार हे शेअर एका माणसाच्या नावावर करून देतो, असं काहीसं. एका माणसाच्या! परत आलं तेच. देवळात सगळ्याजणी बसलो. मी ठरवून गप्प बसले. तोंडात तंबाखूची चिमूट धरून ठेवली, म्हणजे बोलता येणार नाही.

हरणाबाईनं सगळ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "मनूचं घाला."

मग माझ्याकडं वळली.

"पायपीट तिनं केली. सांगली तिला ठावं, वकील तिला ठावं. पन मनू, हितं बेल-भंडार उचल. आमाला इचारल्याबिगर इकायचं न्हाई."

तंबाखू थुंकून आले, तोंड धुतलं, बेल-भंडार उचलला. म्हटलं, तुम्हाला विचारल्याशिवाय विकणार नाही. भंडारा हाताला लागला तो अजून पिवळाच आहे. मग कागदावर सही केली.

अकरापैकी नऊ अंगठे, दोन सह्या. दुसरी सही हरणाबाईची. लपून शिकली आहे! विचारलं कुणाकडनं, तर म्हणाली, "तुला काय करायचंय?"

मंगळवार, १६ जुलै

टपालवाल्यांचा संप चालू आहे, म्हणून नानासो स्वतः सायकल मारत सांगलीहून कागद घेऊन आला. माझं नाव छापलेलं. मनुबाई. पतीचे नाव ह्यांचं, खरं. धंदा शेती.

भाव एकोणऐंशी. नानासो ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि बराच वेळ सायकलकडं बघत बसला. एक्केचाळीसला विकलेत त्यानं. मी काही बोलले नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

शनिवार, २० जुलै

देवळात विचारलं, विकू का? दहाजणी एका तोंडानं म्हणाल्या, वीक. सयाजी मिस्त्री सहाशेला अडला आहे, पुढच्या शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला. सोमवारी जाते. साळूबाई आत्ताच गिरणीची जागा झाडून आली.

सोमवार, २२ जुलै

हे सगळं आजच लिहायला पाहिजे, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

कृष्णेला पाणी चढलंय, मोटार लांबून फिरून गेली. कंपनीत पोचले तर भाव एक्क्याऐंशी. दलालाचा माणूस नोटा घेऊन हजर. फक्त तात्यासाहेब जेवायला गेले होते, त्यांच्या शिक्क्यासाठी खोळंबा. विनोदिनी म्हणाली, "बाई, तोवर शेड बघता का? तुम्ही मालक, आणि आतून कधी पाहिलंच नाही."

आत गेले. एका बाजूला सुतार पेट्या घासत होते. दुसऱ्या बाजूला, मला काय वाटलं होतं कोण जाणे, मोठी यंत्रं असतील, साहेब असतील. तिथं बायका बसल्या होत्या. आठ-दहा. दोघी विधवा, एक पोटुशी. समोर छोटी चरकी. केसाएवढी तांब्याची तार बोटातून सोडत चरकीवर गुंडाळत होत्या, आणि मनातल्या मनात फेरे मोजत होत्या. ओठ हलत होते नुसते. एक फेरा चुकला तर रेडिओत मुंबईऐवजी खरखर येते म्हणे. रोज आठ आणे. चांगला हात असेल तर दहा.

म्हटलं, मला बसू दे.

बसले. पहिली तार तुटली. दुसरी तुटली नाही. शेवया करताना पीठ जसं सैल सोडतो न् बोटानं कळतं की आता तुटेल, तसंच. एकशेवीस फेरे. खांद्याचं काम नाही त्यात, सगळं बोटांचं. विनोदिनीनं गुंडाळी नेऊन कसल्या यंत्राला लावली. काटा हलला. "बरोबर आली," म्हणाली.

तात्यासाहेब मागं उभे होते. कधी आले कळलं नाही. म्हणाले, "बाई, नऊशे रेडिओंची मागणी पडून आहे. पेट्या आहेत, वाल्व आहेत, गुंडाळ्या नाहीत. सांगलीत एवढ्या बायका मिळत नाहीत."

म्हटलं, आमच्या गावात अकरा आहेत. बारा.

मी हे का बोलले? मी विकायला गेले होते.

ते विचारात पडले. मग म्हणाले, तारेला सरकारी कंट्रोल आहे, तोळ्यातोळ्यानं मिळते. ती गावात न्यायची तर तारण पाहिजे. आठ शेअर वर्षभर कंपनीत ठेवा, विकायचे नाहीत. चरक्या आम्ही देऊ, शिकवायला एक बाई पाठवू. शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर मी मिरजेत बघतो.

दलालाचा माणूस दारातून ओरडला, "आहो बाई, भाव काय तुमची वाट बघत बसतोय का?"

कागद पदराच्या गाठीला होता. गाठ सोडली. परत बांधली.

कागद तसाच घेऊन घरी आले. विकायचं नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. वीक म्हणून सांगितलं होतं.

मंगळवार, २३ जुलै

दार लावून घेतलं. अंग दुखतंय म्हणून सांगितलं. बाहेर साळूबाई दोनदा येऊन गेली.

नानासोला मात्र सांगितलं. म्हणाला, "वैनी, भाव म्हंजे वायरलेसचा आवाज. आत्ता खणखणीत, वारं फिरलं का गेला. वरीसभर बांधून ठेवलं आन मंग पंचवीसचं धा झालं तर?"

म्हटलं, झालं तर हातात काम राहील.

"आन काम बी न्हाई ऱ्हायलं तर?"

आज पहाटे दळताना माझ्या बोटांनी नुसत्या हवेत फेरे मोजले. हे खरं असलं तरी हा हिशोब नव्हे. गिरणी डोळ्यांसमोर आहे. तेल घातलं की चालेल. तिच्या आड मी कोण येणार?

बुधवार, २४ जुलै

सांगितलं. देवळात कागद मधोमध ठेवला. म्हटलं, विकले नाहीत. विकून या म्हणालात आणि मी न विचारता तसेच परत आणले.

हरणाबाई म्हणाली, "तरी म्हनलं हुतं."

खरं बोललीस, म्हटलं. मग तात्यासाहेबांचं सांगितलं, नानासोचं भ्या सांगितलं, दोन्ही सारखंच, काही न लपवता. गुरवाच्या बायकोलाही बोलावून बसवलं होतं. साळूबाईनं विचारलं, "तुजं काय म्हननं हाय?"

म्हटलं, ते मी सांगणार नाही. गिरणी घ्यायची का तार, हे तुम्ही सांगायचं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, एकेकीनं, आपल्या तोंडानं. दुसरीकडं बघून मान हलवलेली मी धरणार नाही.